तिसरं माप

त्या लगद्याच्या वासाची सवय स्वाती ठेंगणेला शेवटपर्यंत झाली नाही. निळा आणि पांढरा असे दोन गोळे हातावर एकत्र मळायचे, रंग एकसारखा झाला की बोटभर ट्रेमध्ये भरायचे आणि दुभंगलेल्या टाळूच्या बाळाच्या तोंडात दाबून धरायचे. दीड-दोन मिनिटांत लगदा रबरासारखा घट्ट होई. तेवढा वेळ बाळ रडत राहिलं पाहिजे, कारण रडणारं बाळ श्वास घेत असतं. गप्प झालं तर घाबरायचं. ट्रे बाहेर आला की त्याला नासलेल्या दुधाचे गोळे, शेंबूड आणि लाळ चिकटलेली असे. ते नळाखाली धुवायचं आणि त्या ठशात पिवळं दगडी प्लॅस्टर ओतायचं. तासाभराने बाळाचा वरचा जबडा हातात धरून बघता येई. मधोमध भेग, दोन्ही बाजूंना हिरड्यांची तुटलेली कमान.

स्वातीच्या प्रबंधाचा विषयच तो होता. ओठ आणि टाळू दुभंगलेल्या अर्भकांच्या वरच्या जबड्याच्या कमानीची मापं. ती मूळची वरोऱ्याची. एका ट्रस्टच्या दंत महाविद्यालयात जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या विभागात शिकत होती आणि तिथेच वसतिगृहात राहत होती. विभागाला लागून ट्रस्टचं रुग्णालय होतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातली अशी बाळं आशाताई तिथे पाठवत. ऑपरेशन फुकट होई. ते करत डॉक्टर अजय, आणि तेच स्वातीचे मार्गदर्शक. सगळे त्यांना अजय सर म्हणत. हात चांगला होता त्यांचा. त्यांनी शिवलेला ओठ वर्षभराने ओळखू येत नसे.

त्या दिवशी बुधूचं तिसरं माप होतं. बुधू आठ महिन्यांचा. त्याचे आईवडील, सोमारी आणि दसरू, जिवतीच्या वर डोंगरावरच्या एका गुड्यावरून, म्हणजे आदिवासी पाड्यावरून, यायचे. पहाटे निघून जीपने गडचांदूरला, तिथून बसने चंद्रपूरला, तिथून दुसरी बस. पोचेपर्यंत बारा वाजत. पहिलं माप बुधू दोन महिन्यांचा असताना घेतलं होतं, दुसरं पाचव्या महिन्यात. दुसऱ्या वेळी खरं तर ओठाचं ऑपरेशन व्हायचं होतं. पण बाळाच्या तपासणीच्या कार्डावर हिमोग्लोबिन कमी निघालं. आठ पूर्णांक आठ. रक्त दहाच्या खाली असलं तर भूल देता येत नाही, असं सरांनी स्वतः त्यांना समजावून सांगितलं. लोहाचे थेंब दिले आणि सोमारीला म्हणाले, "तुझं दूध पातळ आहे. नीट खात जा. लेकराच्या अंगात रक्तच नाही."

ते स्वातीने ऐकलं होतं. तेव्हा ती मागे उभी राहून ठशावर तारीख लिहीत होती.

आज सोमारी बाकावर बसली आणि विचारायच्या आधीच सांगू लागली.

"मॅडम, मी खूप खाल्लं. नाल्यातले खेकडे आनून त्याचा रस्सा पेली रोज. हुलगे खाल्ले. सासू म्हने, बकऱ्याची कलेजी खा, तर तेही खाल्ली. थेंब तर एकबी दिवस चुकले नाई. त्या थेंबानं त्याची शी काळी होते, कडक होते. जोर लावून लावून रडते. पण मी देतोच."

"बरं केलं," स्वाती म्हणाली.

"आज तं होईन ना ऑपरेशन?"

"रक्त तपासू. मग सर सांगतील."

बुधू आईच्या मांडीवर उताणा पडून पंख्याकडे बघत होता. ओठाची भेग थेट नाकपुडीत गेलेली, आणि त्या भेगेतून गुलाबी हिरडी पुढे आलेली. गाल मात्र भरलेले. मनगटाला वळ्या पडल्या होत्या. सोमारीने वाटीत काढलेलं दूध त्याला चमच्याने पाजलं, तेव्हा निम्मं नाकातून बाहेर आलं. तिने ते पदराने टिपलं, पुन्हा चमचा भरला. हे ती आठ महिने दिवसातून दहा वेळा करत होती.

दसरू ठसा घेताना आत थांबत नसे. त्याला बघवत नव्हतं. तो बाहेर चपलांजवळ उभा राहिला. सोमारीने बुधूचे हात धरले. स्वातीने डाव्या हाताने त्याचं डोकं दाबून धरलं आणि उजव्या हाताने ट्रे आत सारला. आठ महिन्यांचं बाळ दोन महिन्यांच्या बाळासारखं नसतं. त्याला कळतं. बुधूने आधी आईकडे पाहिलं, मग अंग धनुष्यासारखं वाकवलं. लगदा ट्रेच्या कडेने बाहेर आला, त्याबरोबर नाकातून दूध आणि फेस. तो स्वातीच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तिने तोंड फिरवलं आणि मनात आकडे मोजले. सोमारी काहीतरी गोंडीत पुटपुटत होती, तेच तेच शब्द.

ठसा निघाला तो सुंदर होता. एक बुडबुडा नाही, हिरडीच्या मागच्या टोकाच्या उंचवट्यापर्यंत सगळं स्वच्छ उतरलेलं. स्वातीला आनंद झाला. न शिवलेल्या एकाच बाळाचे तीन ठसे, इतके नेटके, विभागात कोणाकडेच नव्हते. प्लॅस्टर घट्ट झाल्यावर तिने कॅलिपर लावला. भेगेची रुंदी जवळपास तेवढीच, मागच्या उंचवट्यांमधलं अंतर दोन मिलिमीटरने वाढलेलं. तिने वहीत ओळ भरली. प्रबंधाच्या परिशिष्टात रक्ताचे अहवालही जोडायचे होते, म्हणून ती तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेली.

तिथे वच्छलाबाई होत्या. वीस वर्षं त्याच खिडकीत बसणाऱ्या, चष्मा नाकावर ओढून रजिस्टर लिहिणाऱ्या.

"बुधू दसरू," त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा, आजचं. अकरा पूर्णांक दोन."

"आणि मागच्या वेळचं?"

वच्छलाबाईंनी पानं उलटली. "दहा पूर्णांक नऊ."

"आठ पूर्णांक आठ असेल, बाई. नीट बघा."

"मीच लिवलं आहे हे. दहा पूर्णांक नऊ." त्यांनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं.

स्वातीला वाटलं, कार्डावर उतरवताना चूक झाली असेल. पण कार्डं अजय सर स्वतः लिहीत, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात. तिने वर जाऊन आपल्या यादीतल्या बाकीच्या बाळांची कार्डं आणली आणि खिडकीपाशी उभी राहून एकेक नाव विचारू लागली. यादीत बारा बाळं. तिघांचे आकडे जुळले. ती तिघं चंद्रपूर शहरातली. एकाचे वडील शाळेत शिक्षक, एकाचे वडील तहसील कचेरीत. तिघांचे ओठ चौथ्या महिन्याच्या आत शिवून झाले होते. उरलेल्या नऊ जणांचे आकडे जुळले नाहीत. ती नऊ जिवती, कोरपना, एटापल्ली, धानोऱ्याकडची. प्रत्येकाच्या कार्डावर आठच्या आसपास. रजिस्टरमध्ये प्रत्येक जण दहाच्या वर.

वच्छलाबाईंनी चष्मा काढला. "मॅडम, एक विचारू? ते लेकरू मघा इथी रगत द्याले आनलं होतं. कसं गोबरं आहे. तुमाले ते दिसत नव्हतं काऊन?"

मनगटावरच्या वळ्या स्वातीने मघाशीच पाहिल्या होत्या. पाचव्या महिन्यातही पाहिल्या होत्या.

अजय सर त्यांच्या खोलीत तर्री-पोहे खात होते. कागदी प्लेट, वर लाल तेलाचा थर. त्यांनी तिला खुर्ची दाखवली.

"ये. ठसा पाहिला मी. फार छान आलाय. पोहे घेणार?"

"नको सर." तिने कार्डं टेबलावर ठेवली आणि शेजारी वच्छलाबाईंकडून उतरवून आणलेले आकडे. "हे जुळत नाहीत."

सरांनी वाचलं. चमचा खाली ठेवला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही, आणि त्यावरूनच तिला सगळं कळलं.

"तुला काय वाटतं, स्वाती, आजकाल आठ महिन्यांचा न शिवलेला जबडा कुठे मिळतो?" ते शांतपणे म्हणाले. "पुण्या-मुंबईत तिसऱ्या महिन्यात शिवून मोकळे होतात. एकदा ओठ शिवला की त्याच्या दाबाने कमान आत येते. मग नैसर्गिक वाढ कशी दिसणार? ती आपल्याकडेच दिसू शकते."

"पण सर, आपण त्यांना खोटं सांगितलं."

"ऑपरेशन होणारच आहे ना? फुकट होणार आहे. चार-सहा महिने इकडे तिकडे. हे लोक एरवीही वर्षाचं लेकरू घेऊन येतात."

"ही बाई दोन महिन्यांचं घेऊन आली होती."

"मग आता पुढच्या महिन्यात करून टाकू."

"संमतीपत्रात थांबवण्याबद्दल काही नव्हतं."

"संमतीपत्रावर अंगठा आहे." त्यांनी तर्रीत भिजलेली फरसाणाची शेव बोटांनी गोळा केली, तोंडात घातली आणि बोटं चोखली. आधी अंगठा, मग मधलं बोट. त्याच बोटांनी तिचा कागद उचलला. त्यावर तेलाचा डाग पसरला. "आणि एक लक्षात ठेव. प्रबंध तुझा आहे, माझा नाही. वहीतलं अक्षर तुझं. ठसे तू घेतलेस. मी आपला कार्डं लिहितो."

स्वाती त्या बोटांकडे बघत राहिली. हीच बोटं बाळांच्या ओठात टाके घालत. ती उठून मजल्याच्या टोकाला असलेल्या बेसिनपाशी गेली आणि वाकून उभी राहिली. ओकारी आली नाही. फक्त लाळ सुटत राहिली. तिने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. तरी मनगटाला तो लगद्याचा आणि नासलेल्या दुधाचा वास येतच होता. सरांची किळस येत होतीच. पण दुपारी ठसा पाहून झालेला आनंद आठवला आणि तिला स्वतःच्या कातडीची शिसारी आली.

खाली बाकावर सोमारी तारखेची वाट बघत होती. बुधू झोपला होता. दसरू शेजारी उकिडवा बसला होता.

स्वाती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. कसं सांगायचं हे तिने ठरवलं नव्हतं.

"सोमारीबाई, बुधूचं रक्त कमी नव्हतं. आजबी नाई, मागच्या बारीलेबी नव्हतं. कार्डावर खोटं लिहिलं होतं."

"काऊन?" दसरूने विचारलं.

"त्याचा जबडा न शिवता कसा वाढते, ते मोजाचं होतं. म्हणून ऑपरेशन लांबवलं, बुधूचं अन् अजून आठ लेकरांचं. सरांनी लांबवलं. अन् मापं मी घेतली. मले हे आजच समजलं, पण मापं मीच घेतली."

सोमारीने एकच गोष्ट विचारली.

"म्हंजे माह्या दुधात खराबी नव्हती?"

"नव्हती."

"पैलेपासून नव्हती?"

"पहिलेपासून नव्हती."

"सासू मले तीन महिने आयकवून राह्यली. हिच्या अंगात रगत नाई, ही लेकराले सुकवते. मीबी तेच समजली. रातभर मले वाटे, याले दुसऱ्या बाईचं दूध पाजावं." ती सपाट आवाजात बोलत होती. "अन् तुमी त्याचं डोस्कं दाबून धरत होत्या."

स्वातीने बुधूच्या पायाला हात लावायला हात पुढे केला. सोमारीने त्याला दुसऱ्या काखेत घेतलं. घाईने नाही. अंगावर झुरळ चढू नये म्हणून बाजूला सरकतात, तशी.

दसरू उठला. "कुठी बसते तो?"

"तिथी नको जाऊ," सोमारी म्हणाली. "त्याच्यापाशी बोलाची माही इच्छा नाई. थुंकाचीबी नाई." मग स्वातीकडे वळून म्हणाली, "ते तोंडाचे साचे कुठी आहेत? माह्या पोराच्या तोंडाचे. ते मले द्या."

ते साचे विभागाच्या मालकीचे होते. स्वाती वर गेली आणि कपाटातून तिन्ही काढून आणले. सोमारीने ते हातात घेतले. सर्वात लहान साचा तिने उलटा करून पाहिला. प्लॅस्टरमध्ये टाळूची भेग, हिरडीच्या कडा, सगळं जसंच्या तसं होतं. तिचं तोंड वाकडं झालं. मेलेल्या उंदराला धरावं तसे तिने ते दोन बोटांत धरून दसरूला दिले. तो बाहेर हापशीजवळ गेला. तिथल्या ओट्यावर ठेवून त्याने एकेक साचा दगडाने फोडला. पिवळा चुरा झाला, तरी तो मारत राहिला. रांगेत पाणी भरणाऱ्या दोन बायका मागे सरल्या. शेवटी त्याने हापसा मारून ओटा धुतला आणि हातही धुतले.

तारीख न घेता ते दोघं गेले.

स्वातीने त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या समितीकडे लेखी तक्रार दिली. वही जोडली, रजिस्टरच्या नकला जोडल्या. वच्छलाबाईंनी नकलांवर सही केली. त्यांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, तरी केली. जिवतीच्या सरकारी दवाखान्यात मुलांची तपासणी करणारं एक पथक होतं. तिथल्या डॉक्टरांना स्वातीने फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी धडपड करून नागपूरच्या एका दुसऱ्या रुग्णालयात बुधूसाठी तारीख मिळवली. तिथे पुन्हा रक्त तपासलं. अकरा पूर्णांक चार.

ऑपरेशनच्या दिवशी स्वाती नागपूरला गेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. सोमारीने तिला पाहिलं, ये म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. बाकावर दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी राहिली. दोन तासांनी बुधूला बाहेर आणलं. ओठ सुजलेला, जोडलेला, त्यावर बारीक काळे टाके. सोमारी वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माह्या भावावानी दिसून राह्यला." टाळूचं ऑपरेशन पुढच्या वर्षी करायचं ठरलं. त्याआधी बुधू बोलायला लागला तर नाकातून बोलेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

जाताना सोमारी पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलली.

"बाकीच्या बायांले कोनं सांगतलं?"

"समिती पत्र पाठवणार आहे म्हणते."

"त्या पत्र वाचतीन?"

समितीचं पत्र त्या बायांपैकी कोणालाच गेलं नाही. दोन महिन्यांनी स्वातीला एक उत्तर आलं. 'लिपिकीय त्रुटीमुळे नोंदींत तफावत आढळली असून संबंधितांना समज देण्यात आली आहे.' कार्डं लिहिणारा कोणी लिपिक विभागात नव्हताच. अजय सर त्याच खोलीत बसत राहिले. ती समोरून गेली की मान हलवून हसत, जसं काही एखाद्या जुन्या भांडणानंतर हसतात. स्वातीचा प्रबंध रद्द झाला. नवा मार्गदर्शक, नवा विषय, एक वर्ष वाया. घरी वडील म्हणाले, तोंड बंद ठेवलं असतं तर डिग्री हातात असती. त्या दिवशी ती ताटावरून उठून गेली.

ते उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या रविवारी ती गडचांदूरला गेली. यादीतलं सगळ्यात जवळचं नाव तिथे होतं. दिव्यानी, चुनखडीच्या खाणीत ट्रक चालवणाऱ्या सुरजची बायको. मुलगी दहा महिन्यांची. पत्र्याच्या छपरावर, अंगणातल्या तुळशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर खाणीची पांढरी धूळ बसलेली होती. दिव्यानीने तिला लगेच ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला.

"मॅडम, तुमी घरी आल्या? या ना, बसा. तारीख आली का आमची?"

ती चहा ठेवायला वळली. कोपऱ्यात लोहाच्या थेंबांची बाटली होती, अर्धी संपलेली. दोरीच्या पाळण्यात मुलगी जागी होती, चादर चघळत होती. तिची न शिवलेली हिरडी चादरीवर घासत होती.

"चहा नको," स्वाती म्हणाली. "आधी इथी बसा माह्याजवळ. जे सांगाले आली, ते आयकून तुमाले माही किळस येईन. येऊ द्या."

दिव्यानीने गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत समोर येऊन बसली. स्वातीने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, रक्ताच्या आकड्यापासून.